साठीनंतरचा सॅक्सोफोन : जुना घ्या, पण पारखून



आजचा विषय आहे वापरलेला सॅक्सोफोन कसा विकत घ्यायचा. कॉलेजात, चर्चच्या बँडमध्ये, शाळेच्या बँडपथकात किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षांत ज्यांनी हे वाद्य वाजवलं, मग संसार, बदल्या, मुलांची शिक्षणं यात ज्यांचं ते सुटलं, आणि आता निवृत्तीनंतर ज्यांची बोटं पुन्हा शिवशिवू लागली आहेत, त्यांच्यासाठी हा भाग आहे. अगदी नव्याने शिकणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

मी वाद्यांचा व्यापारी नाही आणि दुरुस्ती करणारा कारागीरही नाही. फौजेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तरुण अधिकारी असताना रेजिमेंटच्या बँडमधल्या सुभेदारसाहेबांकडून आल्टो शिकलो, मग तो सुटला, आणि निवृत्तीनंतर पुन्हा हातात घेतला. त्यानंतर ओळखीच्या अनेकांबरोबर वाद्यं तपासायला गेलो आहे. फौजेत चार्ज घेण्याची एक शिस्त असते. कागदावर लिहिलंय म्हणून वस्तू आहे असं मानायचं नाही. ती मोजायची, चालवून बघायची आणि मगच सही करायची. सॅक्सोफोनलाही हीच शिस्त लावायची आहे.

खरा धोका पैशांचा नाही

चांगल्या जपानी कंपनीचा नवा, विद्यार्थ्यांसाठीचा आल्टो घ्यायचा तर लाखाच्या आसपास किंवा त्यापुढे जावं लागतं. पेन्शनीत राहणाऱ्या माणसाला, पुढे आपण किती वाजवू याची खात्री नसताना, एवढे पैसे घालणं जड जातं. म्हणून जुन्या वाद्याचा विचार बरोबरच आहे. नीट सांभाळलेला सॅक्सोफोन चाळीस-पन्नास वर्षं सहज चालतो. पितळेची नळी झिजत नाही; झिजतात ते तिच्यावरचे कातडी पॅड, बूच आणि स्प्रिंगा. त्या बदलता येतात.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. माझे एक स्नेही आहेत, माझ्याच वयाचे. त्यांनी ऑनलाइन जाहिरात पाहून एक चकचकीत टेनर घेतला. मधले सूर निघत, खालचे निघेनात. महिनाभर झगडले आणि निष्कर्ष काढला की आता आपल्या छातीत दम राहिलेला नाही. छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन रीतसर तपासणी करून आले. फुप्फुसं ठणठणीत. मग आम्ही ते वाद्य अंधाऱ्या खोलीत नेलं, आत दिवा सोडला, तर तीन पॅडच्या कडेने उजेड बाहेर येत होता. पॅड बदलले आणि खालचा सूर पहिल्या फुंकरीला निघाला.

विशीतल्या मुलाला सूर निघाला नाही की तो वाद्याला शिव्या घालतो. साठीतला माणूस आपल्या वयाला दोष देतो आणि वाद्य माळ्यावर टाकतो. म्हणून आपल्यासाठी गळका सॅक्सोफोन ही सर्वांत महाग खरेदी ठरते, मग तो कितीही स्वस्तात मिळालेला असो. नाव, चकाकी, नक्षी हे सगळं नंतर. वाद्य हवाबंद आहे का, हा पहिला प्रश्न.

हे वाद्य चालतं कसं

अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं असलं तरी आवाज निघतो तो बोरूच्या पातळ पत्तीतून, म्हणजे रीडमधून. त्यामुळे जाणकार त्याला क्लॅरिनेटच्या घराण्यात बसवतात, ट्रम्पेटच्या नाही.

पुढे रुंद होत जाणारी एक पितळी नळी, तिच्यावर वीसहून अधिक भोकं, आणि प्रत्येक भोकावर एक झाकण. झाकणाच्या आत नमद्यावर कातडं चढवलेला पॅड असतो. वरचा सूर वाजवताना थोडीच झाकणं बंद असतात. जसजसे खाली उतराल तसतशी एकेक झाकणं बंद होत जातात, आणि सगळ्यांत खालच्या सुराला जवळजवळ सगळी बंद लागतात. म्हणजे नळीत कुठेही गळती असली तरी तिचा फटका खालच्या सुरांना बसतो. म्हणून दुकानदार तुम्हाला मधल्या सप्तकातली झोकदार धून वाजवून दाखवतो, तेव्हा कौतुक करा आणि म्हणा, आता तळचा बी फ्लॅट हळू आवाजात वाजवा.

आल्टो की टेनर

परत वळणाऱ्या बहुतेकांना मी आल्टो सुचवतो. वजन साधारण अडीच किलो, तर टेनर साडेतीनच्या आसपास. हा एक किलोचा फरक कागदावर छोटा दिसतो, पण मानेचा स्पॉन्डिलायटिस असलेल्या माणसाला अर्ध्या तासात कळतो. आल्टोला श्वासही कमी लागतो, आणि जुन्या बाजारात सर्वांत जास्त मिळणारा, म्हणून सर्वांत जास्त पर्याय देणारा प्रकार हाच आहे. सोप्रानो दिसायला सुटसुटीत, पण सुरात ठेवायला अवघड. बॅरिटोनच्या वाटेला या वयात जाऊ नका. तरुणपणी टेनरच वाजवलेला असेल आणि मान-पाठ साथ देत असेल, तर मात्र टेनर घ्या. ज्या आवाजाची ओढ आहे तोच आवाज हवा.

आल्टो आपल्या संगीताला परका नाही. 'कश्मीर की कली' मधल्या 'है दुनिया उसी की' या गाण्यातला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आपल्या पिढीच्या कानात आहे. आणि मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ यांनी, घरात नागस्वराची परंपरा असताना, आल्टोवर अख्खं कर्नाटक संगीत उभं केलं. २०१९ साली ते गेले, पण वाद्य हातात घेणाऱ्या प्रत्येकाने त्यांना एकदा ऐकावं.

पट्टीचं गणित मात्र डोक्यात ठेवा. आल्टोवर 'सी'ची बोटं धरली की हार्मोनियमची काळी दोन वाजते. टेनरवर तीच बोटं धरली की काळी पाच. काळी एकमध्ये गाणाऱ्याला आल्टोवर साथ करायची, तर बी फ्लॅटला सा धरावा लागतो. भजनी मंडळात किंवा घरच्या मैफलीत वाजवायचा बेत असेल, तर हे आधी माहीत असलेलं बरं.

नावं आणि त्यांचा अर्थ

जुन्या बाजारात चार प्रकारचा माल दिसतो.

पहिला, जपानी आणि तैवानी विद्यार्थी-मॉडेल. यामाहाचं २३ क्रमांकाचं जुनं मॉडेल आणि त्यानंतर आलेली २७५ व २८० ही मॉडेलं. तैवानची ज्युपिटरही याच रांगेत. परत येणाऱ्या वादकासाठी माझी पहिली पसंती यांनाच. सूर बरोबर, चाव्या हाताला सोयीच्या, सुटे भाग मिळतात, आणि उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही मिळतं.

दुसरा, अमेरिकी विद्यार्थी-मॉडेल, उदाहरणार्थ बंडी. दणकट, आवाज बरा. यांच्यावर कधीकधी सेल्मर हे नाव असतं, पण तो सेल्मर अमेरिकेतला. पॅरिसच्या सेल्मरचा त्या मॉडेलशी संबंध नाही. पॅरिसच्या कंपनीचं १९५४ साली आलेलं 'मार्क सिक्स' आज लाखांनी विकलं जातं. हे दोन सेल्मर एकच समजून कोणी भाव सांगत असेल, तर नमस्कार करून निघा.

तिसरा, युरोपचा जुना माल. चेकोस्लोव्हाकियाचे अमाती, पूर्व जर्मनीचे वेल्टक्लांग. वाद्यं वाईट नाहीत, पण चाव्यांची मांडणी थोडी जुन्या वळणाची, आणि सुटे भाग शोधावे लागतात. अवस्था उत्तम आणि भाव फारच कमी असेल तरच घ्या.

चौथा, आपल्या देशात बनलेला आणि चीनमधून आलेला स्वस्त माल. मेरठची जाली कोठी बँडच्या वाद्यांसाठी देशभर ओळखली जाते. मिरवणुकांची कितीतरी पितळी वाद्यं तिथून येतात. पण सॅक्सोफोनच्या चाव्यांची यंत्रणा नाजूक असते आणि नगागणिक फरक पडतो. इथे कंपनीच्या नावावर काहीच ठरवू नका, हातातला नग बघा. लाल, निळ्या, काळ्या रंगाची, फार स्वस्त आणि नाव नसलेली वाद्यं मात्र टाळा. चाव्यांचा धातू मऊ असतो, सहज वाकतो, आणि अनेक कारागीर ती दुरुस्तीलाच घेत नाहीत. नामांकित कंपनीचं नाव कोरलेला नकली मालही बाजारात आहे. अक्षरं वेडीवाकडी, क्रमांक नाही किंवा वरवर खरवडल्यासारखा, असं दिसलं की संशय घ्या.

दोन सापळे आणखी सांगतो. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'सी मेलडी' नावाचा प्रकार खूप खपला. तो आल्टोपेक्षा मोठा आणि टेनरपेक्षा लहान असतो, आणि अजाण विक्रेता त्याला यांपैकी काहीही म्हणून विकतो. त्याचा योग्य माउथपीस सहज मिळत नाही. दुसरा सापळा म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची 'हाय पिच' वाद्यं. त्यांची पट्टी आजच्यापेक्षा चढी असते आणि ती काही केल्या खाली येत नाही, कारण भोकांची अंतरंच वेगळी. क्रमांकाजवळ एच किंवा एचपी अशी रोमन अक्षरं ठोकलेली असतील, तर ते वाद्य भिंतीवर टांगायला छान.

शोधायचं कुठे

मुंबईत धोबी तलावचा परिसर, कोलकात्यात महात्मा गांधी रोडवरची बँडवाल्यांची रांग, आणि बंगळूर, चेन्नईतली मोठी वाद्यदुकानं इथून सुरुवात करता येते. दुकानातल्या जुन्या वाद्याला भाव थोडा जास्त पडतो, पण परत जाऊन भांडायला पत्ता असतो.

दुसरी जागा म्हणजे घरं. गोवा, वसई, मंगळूर या भागांत चर्चच्या निमित्ताने वाद्यं शिकण्याची जुनी परंपरा आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. अशा घरांत वडिलांचा किंवा आजोबांचा सॅक्सोफोन पेटीत असतो. तो कोणीतरी वाजवावा असं घरच्यांनाही वाटत असतं. तिथल्या बँडमास्तरांकडे किंवा संगीत शिकवणाऱ्यांकडे शब्द टाकून ठेवा.

तिसरी जागा आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात येत नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल, तर नातवंडांच्या शाळेत बँड असतो. मूल कॉलेजला गेलं की सॅक्सोफोन कपाटात जातो. नातेवाइकांत, तिथल्या मराठी मंडळींत विचारा. आणायचा झाला तर विमान कंपनीचा सामानाचा नियम आणि आपल्याकडचं सीमाशुल्क याची चौकशी निघण्याआधी करायला सांगा. पेटीत वाद्य हलणार नाही असं बसवायचं आणि शक्यतो सोबतच्या सामानात आणायचं. चेक-इनच्या पट्ट्यावर आपटलेला सॅक्सोफोन सरळ राहत नाही.

लग्नाच्या बँडमधला माल स्वस्त असतो. पण ऊन, पाऊस, धूळ आणि टेम्पोतला प्रवास त्याने सोसलेला असतो, आणि दुरुस्ती बहुतेक वेळा रस्त्याकडेच्या डागकामाची. सरकारी बँडांतून निकालात निघालेल्या वाद्यांचंही तसंच. ती निकालात निघाली, त्याला काही कारण असतं.

आणि एक इशारा, जो मी फौजी म्हणून जरा कडक आवाजात देतो. ऑनलाइन जाहिरातीत कोणी सांगेल, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, म्हणून वस्तू स्वस्तात देतोय. गणवेशातला फोटो पाठवेल, ओळखपत्र पाठवेल, आणि गेट पासासाठी किंवा वाहतुकीसाठी थोडी आगाऊ रक्कम मागेल. ही देशभर चाललेली फसवणूक आहे. वाद्य हातात घेतल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका, मग समोरचा स्वतःला जनरल म्हणवत असला तरी.

तपासणी : पेटी उघडल्यापासून

दिवसा जा, घाईत जाऊ नका. सोबत न्यायचं सामान : स्वतःचा माउथपीस व दोन नव्या रीड, पातळ कागद, एलईडीची बारीक माळ किंवा लवचिक दिवा, आणि मोबाइलवर ट्यूनर. बरीच वर्षं वाजवलं नसेल, तर वाजवणारा माणूस बरोबर घ्या. पोलीस बँडमधला, चर्चमधला, लग्नाच्या बँडमधला, कोणीही चालेल. त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. तो तुमच्या बाजूचा हवा, विक्रेत्याच्या नाही.

एक. पेटी उघडताना नाक पुढे करा. कुबट वास आला तर बुरशी आहे आणि पॅड बदलायची वेळ आली आहे असं धरा. नमदा आणि कातडं हे किड्यांचंही आवडतं खाणं आहे.

दोन. नळी सरळ आहे का? बंदुकीच्या नळीवरून नेम धरतो तसं वरून खाली बघा. अंग वाकलेलं असेल तर भोकांच्या कडा सपाट राहत नाहीत, आणि नवे पॅड घालूनही गळती थांबत नाही. खालच्या वळणावरचे छोटे पोचे बहुतेक जुन्या वाद्यांना असतात, त्याने बिघडत नाही. पण भोकाच्या कडेपर्यंत गेलेला पोचा महागात पडतो.

तीन. वरचा वाकडा तुकडा, म्हणजे नेक. तो बाजूने बघा. वळणाच्या खालच्या अंगाला चपटेपणा आणि दोन्ही बाजूंना फुगवटा दिसला, तर कोणीतरी तो जोराने खाली दाबला आहे. नेक अंगात घट्ट बसतो का, बसवल्यावर डुगडुगतो का, हेही बघा. नेकचं एक टोक तळव्याने बंद करा, वरचं छोटं भोक बोटाने झाका आणि दुसऱ्या टोकाने हवा ओढा. ओठाला चिकटून राहिला तर हवाबंद आहे.

चार. पितळेचा रंग. लॅकर उडालेला असणं हा दोष नाही. उलट त्यामुळे भाव उतरतो आणि आपला फायदा होतो. नुकतंच पॉलिश करून चकाचक केलेलं वाद्य जास्त संशयाचं. नक्षीच्या रेषा पुसट झाल्या असतील, तर धातू घासला गेला आहे. नेकवर गुलाबी-तांबूस ठिपके दिसले तर पितळेतलं जस्त निघून चाललं आहे. ठिपका एखादाच असेल तर चालेल, पण जाळी पसरली असेल तर नको.

पाच. चाव्या. प्रत्येक चावी दोन बोटांत धरून बाजूला हलवा. खुळखुळ हलत असेल तर दांडे झिजले आहेत, आणि असे ढिले दांडे पॅड नेमक्या जागी बसू देत नाहीत. स्प्रिंगांवर गंज आहे का बघा. समुद्रकाठच्या शहरांतल्या वाद्यांत हे हमखास असतं. जुन्या डागांच्या खुणाही मोजा.

सहा. पॅड. कडक, फाटके, काळे पडलेले किती? पातळ कागदाची पट्टी झाकणाखाली ठेवून चावी हलकेच बंद करा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी सारखीच अडली पाहिजे. मग अंधारात आत दिवा सोडून एकेक झाकण बंद करा. उजेड दिसला तिथे गळती. जी शार्पचा आणि खालच्या सी शार्पचा पॅड चिकटून बसतो, ते वेगळं तपासा. चिकटणं साफ करून जातं, फाटणं नाही.

सात. आता वाजवा. मधल्या जी पासून एकेक सूर उतरत खाली बी फ्लॅटपर्यंत या, आवाज हळू ठेवून. बोटं जोरात दाबल्यावरच सूर निघतो असं असेल, तर ती गळती आहे. मग ऑक्टेव्ह चावी धरून जी आणि ए आळीपाळीने वाजवा. सूर अडखळायला नको. शेवटी ट्यूनर लावा. आल्टोवर एफ शार्प धरला की ट्यूनरवर ए दिसला पाहिजे, टेनरवर बी धरला की ए. मग जी, ए, बी हे सूर खालच्या आणि वरच्या सप्तकात जुळतात का ऐका. थोडा फरक ओठाने सांभाळता येतो. सगळं वाद्यच अर्धा सूर चढं निघालं, तर मघाशी सांगितलेला हाय पिचचा सापळा आठवा.

शेवटी विक्रेत्याला एक विनंती करा : अनामत ठेवून दोन दिवस वाद्य कारागिराला दाखवू द्या. ज्याचा माल खरा असतो तो बहुधा तयार होतो. जो अजिबात तयार होत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

हिशेब

माझा ठोकताळा असा. जेवढी एकूण रक्कम ठरवली आहे तिचे शंभर भाग करा. साठ भाग वाद्याला, पंचवीस दुरुस्तीला, पंधरा माउथपीस, रीड आणि पट्ट्याला. सगळे शंभर भाग वाद्यावरच खर्च केले, तर दुरुस्ती पुढच्या दिवाळीपर्यंत राहते आणि गळकं वाद्य वाजवत बसावं लागतं.

फौजेत जुन्या गाडीबद्दल एक शेरा असतो, 'बियाँड इकॉनॉमिकल रिपेअर'. म्हणजे दुरुस्त होईल, पण परवडणार नाही. सॅक्सोफोनचे सगळे पॅड बदलायचे, तर वीस-पंचवीस पॅड, बुचं, नमदे आणि कारागिराचे दोन-तीन दिवस लागतात. दुरुस्तीचा अंदाज खरेदीच्या निम्म्यापुढे गेला, तर दुसरं वाद्य बघा. अपवाद एकच : वाद्य घरातलं असेल, वडिलांचं असेल, तर हा हिशेब लावू नका. ते मनापासून दुरुस्त करून घ्या.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट नक्की करा. तुमच्या शहरात, किंवा रेल्वेने एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर, सॅक्सोफोन दुरुस्त करणारा कोण आहे? आधी कारागीर शोधा, मग वाद्य.

माउथपीस, रीड आणि पट्टा

वाद्यासोबत आलेला माउथपीस आरोग्याच्या दृष्टीनेही बदललेला बरा. यामाहाचा ४सी क्रमांकाचा स्वस्त माउथपीस या टप्प्यावर पुरेसा आहे. रीड दोन क्रमांकाची घ्या, अगदी दीड चालेल. कॉलेजात तीन वाजवत होतो, हा अभिमान पेटीत ठेवा. ओठांचे स्नायू परत यायला काही आठवडे लागतात, तोवर कडक रीड फक्त दमवते. पट्टा मानेवरचा न घेता दोन्ही खांद्यांवर वजन वाटणारा घ्या. या वयात एवढा एक खर्च करून तुम्हाला कधी पश्चात्ताप होणार नाही.

माउथपीसवर वरचे दात टेकतात. कवळी किंवा नवे दात असतील तर दंतवैद्याला सांगा, आणि माउथपीसवर रबराची पातळ चकती चिकटवा. काचबिंदू, हर्निया किंवा हृदयाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारूनच फुंकर मारा.

घरी आल्यावर

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड असते, परत आल्यावर लास्ट परेड. वाद्याचीही ठेवा. वाजवून झालं की आतून कापड फिरवायचं, रीड काढून पुसायची, माउथपीस कोमट पाण्याने धुवायचा. गरम पाणी नको, रबराचा रंग जातो. पावसाळ्यात पेटी दोन दिवसांआड उघडा, ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका.

शेजाऱ्यांचा प्रश्न येणारच. बेलमध्ये टॉवेल कोंबून काही होत नाही, कारण आवाज भोकांतूनही बाहेर येतो. कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर वाजवा, संध्याकाळची वेळ ठरवून घ्या आणि शेजाऱ्यांना आधीच सांगा. लोक समजून घेतात.

पहिले पंधरा दिवस रोज फक्त दहा मिनिटं, लांब सूर. दम लागला की थांबा. सूर निघाला नाही, तर आधी रीड बदला, मग दिवा लावून पॅड बघा. वाद्य निर्दोष ठरल्यावरच स्वतःला दोष द्या, आणि तोही जरा बेतानेच.

या आठवड्यासाठी काम एवढंच : कारागिराचा पत्ता शोधा, आणि ओळखीच्या तीन जणांकडे शब्द टाका. वाद्य मिळायला चार-सहा महिने लागले तरी चालेल. इतकी वर्षं थांबलो, तर योग्य नगासाठी थोडं आणखी थांबू.

जय हिंद.